फळीच्या आतले दुखणे

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नौका ब्रिटिश आरमाराची. सागवान मलबारचे आणि हात मुंबईच्या कारागिरांचे. १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार झाला. पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून आज ती ओळखली जाते. तिच्याहून जुनी ‘व्हिक्टरी’ ही १७६५ची ओकची नौका १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. बुरशी आणि भुंगेऱ्यांशी तिची झुंज अजून चालू आहे.

सागवानात नैसर्गिक तेल असते. बुरशी आणि कीड त्याला सहजासहजी भिडत नाहीत. तरीही कोणतेच लाकूड अमर नसते, आणि नावेचे नुकसान बहुधा नजरेआड सुरू होते. फळी बाहेरून रंगवलेली, गुळगुळीत दिसते. पोखरण आत चालू असते.

समुद्रात हे काम एक शिंपलावर्गीय प्राणी करतो. त्याचे नाव टेरेडो. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतल्या आत बोगदा खोदत वाढतो. त्याच्या कल्ल्यांमधले जिवाणू लाकडातील सेल्युलोज पचवायला मदत करतात. वरचे छिद्र मात्र तेवढेच बारीक राहते.

यावर उपाय म्हणून १७६१ साली ब्रिटिशांनी ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडिजहून परतल्यावर तळ तपासला, तर टेरेडो लागलेला नव्हता. पण पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी कुजले होते. खारे पाणी आणि त्यात एकमेकांना टेकलेले दोन धातू, म्हणजे एक विद्युतघटच. त्यात लोखंड झिजते, तांबे वाचते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद तिथे चुकून तसाच राहिला होता आणि त्याने दोन धातूंचा स्पर्श रोखला होता. पुढे आरमाराने पाण्याखालच्या भागासाठी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली.

हे झाले समुद्राचे. गोदावरीच्या गोड्या पाण्यात टेरेडोची भीती नाही. इथला शत्रू बुरशी. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल, तर ती वाढू शकत नाही. म्हणूनच नदीचे पाणी जेवढे घातक, त्याहून नावेत साचलेले पावसाचे पाणी अधिक घातक. ते सांध्यात आणि खिळ्यांच्या भोकांत मुरते, आणि वरचा रंग ते बाहेर पडू देत नाही. गंगाखेडला किंवा पूर्णा नदीच्या काठी उन्हाळ्यात ओढून ठेवलेली लाकडी नाव परभणीच्या उन्हात सुकते, फळ्या आकसतात, फटी उघडतात. पाण्यात टाकल्यावर लाकूड फुगून त्या बऱ्याचशा मिटतात. पण ज्या फळीचे लाकूड कुजले आहे, तिथली फट मिटली तरी त्या फळीला बळ राहत नाही.

शोधायचे कसे? कलिंगड वाजवून पाहतात तशी प्रत्येक फळी लाकडी हातोडीने वाजवायची. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भद्द आवाज करते. संशय आला तिथे टोचा लावायचा. तो सहज आत गेला तर रंग खरवडून लाकूड उघडे करायचे. खिळ्याभोवती काळा, मऊ डाग दिसला, तर गंज लाकडातही उतरला असे समजावे. पत्र्याच्या नावेची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजता येते. फायबरच्या नावेत आतली प्लायवुड भिजली आहे का, हे पाहावे लागते. ते बाहेरून कळत नाही.

दुरुस्तीचा नियम कठोर आहे. डाग जिथे दिसतो तिथे थांबायचे नाही. खणखणीत लाकूड लागेपर्यंत कापायचे. कुजक्या लाकडावर लुकण किंवा नवी पट्टी लावली, तर ओल आत कोंडते आणि कूज पुढे सरकत राहते. नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. फळीच्या जाडीच्या किमान आठपट लांबीचा सांधा असेल, तर ताण मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो. शेवटी फटींत सुती धागा ठोकून त्यावर डांबर भरायचे.

नावेवर माणसे बसतात, म्हणून ही तपासणी हौसेची गोष्ट नाही. ती पावसाळ्याआधी, नाव पूर्ण कोरडी असताना, रंग खरवडून व्हायला हवी. रंगाचा नवा हात त्यानंतरच.