शिकागोच्या मंचावरचं व्हिनेगर

निघोज्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरातली दोन माणसं चाकणच्या कारखान्यांत कामाला, त्या स्वतः बचत गट चालवतात. त्या विचारतात : ‘कॅन्सरच्या डॉक्टरांची परिषद भरली, देशोदेशीचे वक्ते आले, अशा बातम्या फोटोसकट छापून येतात. तिथं जे बोललं जातं, त्यातलं आमच्यापर्यंत काही पोचतं का?’

पोचतं. कधी कधी तर ते निघतंच आपल्याकडून. पण वाटेत बरंच सांडतं. हे नीट सांगायला एका परिषदेचं एकच सत्र पुरेसं आहे.

रविवार, २ जून २०१३. शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे ‘अ‍ॅस्को’चं वार्षिक अधिवेशन. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा जगातला हा सर्वांत मोठा मेळावा. हजारो शोधनिबंध येतात. बहुतेक भित्तिपत्रकावर जातात, काहींना लहान दालनात थोडी मिनिटं मिळतात, आणि जेमतेम चार-पाच निबंधांसाठी मुख्य सभागृह राखून ठेवलेलं असतं. तिथं बोलायला उभं राहणं हा कॅन्सरतज्ज्ञाच्या आयुष्यातला मोठा क्षण. उद्या ओपीडीत काय बदलणार आहे, ते आज या मंचावर कळतं.

त्या दिवशी त्या मंचावर मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री उभे राहिले आणि व्हिनेगरबद्दल बोलले.

योगायोग असा, की त्याच सत्रात त्याच आजारावर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर, आणखी एक निबंध होता. कॅलिफोर्नियातले डॉ. कृष्णांशु तिवारी यांनी बेव्हासिझुमॅब या औषधाचे निष्कर्ष मांडले. आजार पसरलेल्या किंवा उलटलेल्या ४५२ स्त्रियांवर ती चाचणी झाली होती. नेहमीच्या केमोथेरपीसोबत हे औषध दिल्यावर मध्यक आयुष्य १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेलं. ज्या टप्प्यावर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही, तिथं मिळालेले हे पावणेचार महिने मी मुळीच कमी लेखणार नाही. ते औषध आज वापरात आहे आणि असायलाच हवं. पण हे दोन निबंध शेजारी ठेवून पाहा. एका बाजूला जैवतंत्रज्ञानाची कमाल आणि महाग इंजेक्शन. दुसऱ्या बाजूला चार टक्क्यांचं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, कापसाचा बोळा, बॅटरीचा उजेड आणि दहावी शिकलेली एक बाई. या दुसऱ्या बाजूने त्या कॅन्सरमुळे होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले होते.

ही चाचणी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू झाली. तिची आखणी डॉ. इंद्रनील मित्रा यांची, पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. वीस वस्त्या, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रिया. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, गर्भाशयमुखाची तपासणी आणि त्याबरोबर हाताने स्तनांची तपासणी. उरलेल्या वस्त्यांत सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती देऊन पुढे नेहमीची वैद्यकीय सोय. बारा वर्षांनी मोजलं, तेव्हा तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६७ मृत्यू झाले होते, तुलनेच्या गटात ९८.

व्हिनेगर करतं काय? चाकण पट्ट्यातल्या वाचकांना हे लवकर समजेल. गाडीची बॉडी पेंट शॉपमधून बाहेर येते, तेव्हा तिला ट्यूबलाइटच्या रांगा लावलेल्या तपासणीच्या जागेतून नेतात. साध्या उजेडात आरशासारखं दिसणारं दार तिथं आलं, की त्यावर पडलेली ट्यूबची सरळ रेघ एखाद्या जागी वाकते आणि तपासणारा लगेच तिथं खूण करतो. पोचा आधीपासून होताच, तो दिसायला योग्य उजेड लागला. अ‍ॅसिटिक आम्ल गर्भाशयमुखावर हेच करतं. बिघडू लागलेल्या पेशींचं केंद्रक मोठं आणि दाट असतं, त्यांत प्रथिनं ठासून भरलेली असतात. आम्लाने ही प्रथिनं तात्पुरती साकळतात आणि उजेड परत फेकू लागतात. साधारण मिनिटभरात गुलाबी पृष्ठभागावर कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग उमटतो. निरोगी पेशींत केंद्रक लहान, त्यामुळे त्या गुलाबीच राहतात. कुठलीही प्रयोगशाळा नाही, नमुना पाठवणं नाही, ‘आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला या’ नाही. डाग दिसला तर पुढची पक्की तपासणी, आणि बिघाड कॅन्सरच्या आधीच्या पायरीवर असेल तर ती जागा गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येते.

या युक्तीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. हॅम्बुर्गच्या हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये गर्भाशयमुख मोठं करून पाहण्याचं भिंग तयार केलं, आणि त्याबरोबर अ‍ॅसिटिक आम्लाचा वापर रूढ झाला. पण जगाने उचलून धरली ती दुसरी पद्धत, जॉर्ज पापानिकोलाऊ यांची ‘पॅप स्मिअर’. तिचीही गोष्ट एका परिषदेत सुरू होते, आणि ती मला फार आवडते. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक या गावी पापानिकोलाऊ यांनी सांगितलं, की योनीतल्या स्रावाचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कॅन्सरच्या पेशी ओळखता येतात. श्रोत्यांवर काहीही परिणाम झाला नाही. रोगाचा तुकडा काढून तपासता येत असताना थेंबात काय शोधायचं, असा त्या काळातल्या तज्ज्ञांचा सूर होता. त्याच्या एक वर्ष आधी, १९२७ मध्ये, बुखारेस्टच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत रुमानियाच्या ऑरेल बाबेश यांनीही जवळपास हेच मांडलं होतं. त्यांची आठवण तर आणखी थोड्यांना आहे. पापानिकोलाऊ आपल्या कामाला लागले आणि १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत त्यांनी पुस्तक काढलं, तेव्हा कुठे जग वळलं. या सगळ्या काळात निरोगी स्त्रीच्या पेशी कशा दिसतात हे कळावं म्हणून वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देत होत्या त्यांच्या पत्नी मेरी. त्या नवऱ्याच्याच प्रयोगशाळेत काम करत. चाचणीला नाव मात्र एकट्या पापानिकोलाऊंचं मिळालं.

मेरीबाईंची आठवण मुद्दाम काढली. कारण शिकागोच्या मंचावर न आलेल्या, पण त्या निबंधाच्या खऱ्या मानकरी असलेल्या बायका मुंबईत होत्या. चाचणीतली तपासणी डॉक्टरांनी केलीच नाही. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देण्यात आलं आणि त्यांनी ती केली. तज्ज्ञांनी त्यांची निदानं अधूनमधून ताडून पाहिली, ती बहुतांशी जुळली. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा आकडा. बोलावलेल्या स्त्रियांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय, त्यातून ही तपासणी अशी, की नुसतं नाव काढलं तरी बाई पदर सावरते. सासू विचारणार, नवरा विचारणार, ‘काही होत नाही तर कशाला जायचं?’ आणि तरीही शंभरातल्या एकोणनव्वद. हे काम कुठल्याही रेणूने केलेलं नाही. दारोदार जाऊन, समजावून, पुन्हा जाऊन ते झालं आहे. निबंधाच्या लेखकांच्या यादीत या बायका नाहीत.

आता उत्साहाला थोडा आवर घालायला हवा, कारण व्हिनेगरची गोष्ट इतकी सरळ नाही. एक म्हणजे, मुंबईत कॅन्सरचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. फरक पडला तो आजार लवकर सापडला म्हणून. दुसरं, पांढरा डाग साध्या जंतुसंसर्गानेही उमटतो, त्यामुळे अनेक निरोगी बायकांना विनाकारण पुढच्या तपासण्यांना जावं लागतं. पाळी गेल्यावर बिघाडाची नेमकी जागा आत सरकते आणि डोळ्यांना दिसतच नाही. तिसरी गोष्ट आपल्याच मराठवाड्याची. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर आणखी एक चाचणी झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने तिचे एक प्रमुख. चार गट होते : व्हिनेगर, पॅप स्मिअर, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या डीएनएची चाचणी आणि तुलनेचा गट. तपासणी एकदाच. २००९ मध्ये निकाल आला तेव्हा व्हिनेगरने किंवा पॅपने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. विषाणूच्या चाचणीच्या गटात मात्र ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकच संधी मिळणार असेल, तर विषाणूची चाचणी करा, असा त्याचा अर्थ. आज जागतिक आरोग्य संघटनाही हीच चाचणी पहिली करा म्हणते, आणि ज्या पुराव्यांवर ती हे सांगते त्यांत उस्मानाबादच्या वाड्यावस्त्यांचा वाटा मोठा आहे. उस्मानाबादच्या बायकांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

या चाचण्यांवर गंभीर आक्षेपही घेतला गेला. तपासणीने जीव वाचतात हे माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं? संशोधकांचं उत्तर होतं, की त्या वस्त्यांत तपासणी मुळात नव्हतीच. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि चाचणी झाली नसती तर बरं झालं असतं असंही म्हणवत नाही. त्या ९८ आणि ६४ बायकांचं ऋण मात्र आपल्यावर आहे. ते फेडायची रीत एकच, त्यांच्यामुळे जे कळलं ते वापरात आणणं.

टाटा मेमोरियलचे वक्ते अशा मंचांवर पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यांच्या विषयांत एक धागा आहे. २०१५ मध्ये अ‍ॅस्कोच्या त्याच मानाच्या सत्रात डॉ. अनिल डिक्रूझ यांनी तोंडाच्या कॅन्सरबद्दल अनेक दशकांचा वाद मिटवला : मानेच्या गाठी पहिल्या शस्त्रक्रियेतच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात, थांबून काढल्या तर ६७.५ टक्के. २०२२ मध्ये पॅरिसच्या युरोपीय अधिवेशनात डॉ. राजेंद्र बडवे यांनी सांगितलं, की स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचलं तर पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के. लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते भुलीचं औषध! व्हिनेगर, सुरी, लिग्नोकेन यांतल्या कशाचंही पेटंट घेऊन कंपनी श्रीमंत होणार नाही, म्हणून कंपनी हे प्रश्न विचारतही नाही. ते सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयानेच विचारायचे. परिषदेची बातमी वाचताना मी आता वक्त्याच्या पदव्यांआधी हे पाहतो, की त्याच्या प्रश्नाला पैसा कुणी दिला.

ताई, आता तुमच्या गावापर्यंत येऊ. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केला : ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाची व्हिनेगर तपासणी दर पाच वर्षांनी. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झाली आहे का? देशभरात १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. सांडतं म्हटलं ते इथं. मुंबईच्या वस्तीत एकोणनव्वद आल्या, कारण कुणीतरी दारात आलं होतं. तुमच्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, कंत्राटी कामावर जाणाऱ्या कितीतरी बाया आहेत, ज्यांचं नाव कुठल्याच गावच्या यादीत नसतं. बचत गटाने जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तपासणीचा दिवस ठरवून घेतला आणि सगळ्यांना बरोबर नेलं, तर चाचणीतल्या त्या दहावी पास बायकांचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल.

मुलींसाठी लस आहे, आणि तिच्यामागेही आपल्या भागातली गोष्ट आहे. २००९ मध्ये पुणे आणि बार्शीसह देशातल्या नऊ केंद्रांवर एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारी चाचणी सुरू झाली. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने हे लसीकरण थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निकाल आला : १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५.४ टक्के, तीन डोसांच्या तोडीचं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ आता मिळते, त्यामुळे मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, कारण ही लस विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे आणि कॅन्सर घडवणारे त्याशिवायही काही प्रकार आहेत.