पाइपाची जाडी व पाण्याचा दाब

उंचावरील शेतात पाणी नेण्यासाठी पी.व्ही.सी. पाइप घेताना व्यास व भाव विचारला जातो; भिंतीची जाडी क्वचितच पाहिली जाते. पाइप मात्र जाडी अपुरी पडल्यानेच फुटतो, आणि तोही बहुधा सर्वांत खालच्या भागात.

पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब. शेत पंपापासून ४५ मीटर उंच असल्यास पंपाजवळ साडेचार किलो दाब येतो. त्यात घर्षणाची भर पडते. तेथे ४ किलोचा पाइप घेणे ही काटकसर नव्हे. ६ किलोचाच हवा.

दाबामुळे भिंतीवर ताण पडतो. पी.व्ही.सी.साठी २७ अंश सेल्सियसला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८६ किलो ताण सुरक्षित मानतात. भार वर्षानुवर्षे सोसावयाचा असल्याने हा आकडा तुटण्याच्या ताणापेक्षा पुष्कळ कमी ठेवलेला असतो. दाबाला बाहेरील व्यासाने गुणावे. सुरक्षित ताणाच्या दुपटीत दाब मिळवून त्याने भागावे, म्हणजे जाडी निघते. ६ किलो दाबासाठी ९० मिलिमीटर व्यासाला ५४० भागिले १७८, म्हणजे ३ मिलिमीटरहून किंचित अधिक जाडी लागते. ११० मिलिमीटरला तीच ३.७ होते.

उन्हात तापलेल्या पाइपाची ताकद घटते, म्हणून तो जमिनीत पुरावा. झडप एकदम बंद केल्यास बसणारा पाण्याचा धक्का वरील हिशोबात धरलेला नाही. ती सावकाश फिरवावी. खरेदीच्या वेळी पाइपावर छापलेला दाब वाचावा व टोकाशी जाडी मोजून पाहावी.