आर्ट्सला जायचे, पण कोणत्या विद्यापीठात?

बारावीचा निकाल लागला की वस्तीतील पालक आमच्याकडे विचारायला येतात. मुलीला आर्ट्स घ्यायचे आहे, विद्यापीठ कोणते बरे? 'आर्ट्स घेऊन काय मिळणार' हा शेजाऱ्यांचा टोमणा सोबत असतोच. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अभ्यासले, एवढेच आम्ही सांगतो.

मुंबई काय, पुणे काय, बी.ए.ची पदवी विद्यापीठाची असली तरी मुले बहुधा शिकतात ती संलग्न महाविद्यालयात. म्हणून आधी तिथे जाऊन चौकशी करावी. आपला विषय शेवटच्या वर्षापर्यंत आहे काय? शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की तासिकेवरचे? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे ग्रंथालय हीच अभ्यासाची खोली.

दिल्लीचे नावही निघते. जेएनयूत बी.ए. आहे ती परदेशी भाषांची. इतिहास, समाजशास्त्रासाठी तिथे एम.ए.ला जावे. दिल्ली विद्यापीठात इतिहासाची बी.ए. आहे, पण २०२२ पासून तिथला प्रवेश सीयूईटी परीक्षेच्या गुणांवर होतो. तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. निकालाचा कागद घेऊन आमच्याकडे आलेल्या हुशार मुलीला मग वर्षभर थांबावे लागते किंवा दिल्ली सोडावी लागते.

तेव्हा अकरावीतच या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत. त्यासाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो. तो आताच काढून ठेवा.