चलान शेवटच्यालाच का येतं?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला बारा मोटरसायकलींचा ग्रुप घ्या. सगळ्यांत पुढचा, म्हणजे लीड, इमानदारीत सत्तरवर. कोणी कोणाला ओव्हरटेक केलेलं नाही. तरी चलान येतं ते शेवटच्याला, वेग ९०! तो शपथेवर सांगतो, मी फक्त पुढच्याच्या मागे होतो. खरंच सांगत असतो. आणि यंत्रही खोटं बोललेलं नसतं.

गंमत टोलनाक्यावर सुरू होते. दुचाकींना टोल नाही, पण कडेच्या चिंचोळ्या वाटेतून एकेकानंच निघावं लागतं. बाहेर पडताच लीड वेग घेतो. मागचा प्रत्येक जण एकच सेकंद जास्त रेंगाळला, तरी बाराव्यापर्यंत अकरा सेकंद साचतात. ताशी ७० किलोमीटरने तेवढ्यात लीड दोनशे मीटरहून पुढे जातो. ही फट भरायला शेवटच्याला ९० ने जवळजवळ चाळीस सेकंद पळावं लागतं. रायडर मंडळी याला ‘रबर बँड’ म्हणतात. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलींसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ८०. म्हणजे एकाच ग्रुपमध्ये लीड निर्दोष आणि शेपूट दोषी!

बरं, एवढ्या घोळक्यातून पोलिसांना नेमका तोच कसा सापडतो? रडारचा झोत पसरट. लांबवरून त्यात अख्खा ग्रुप मावतो. इंटरसेप्टर गाडीतल्या लेसर गनचा झोत मात्र तीनशे मीटरवरही साधारण मीटरभरच रुंद असतो. हेडलाइटवर किंवा नंबरप्लेटवर नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात डोळ्यांना न दिसणारे डझनावारी स्पंद गाडीवर आपटून परत येतात. तीनशे मीटर जाऊन यायला प्रकाशाला लागतात दोन मायक्रोसेकंद. पण पहिल्या आणि शेवटच्या स्पंदाच्या दरम्यान ९० ने येणारी गाडी आठ मीटर जवळ सरकलेली असते, म्हणून शेवटचा स्पंद पहिल्यापेक्षा सुमारे ५५ नॅनोसेकंद लवकर परततो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातले पंचावन्न. एवढ्याशा फरकावर चलान फाटतं! मला तर दंडापेक्षा या मोजणीचंच अप्रूप वाटतं.

त्यात सुरक्षिततेसाठी ग्रुप नागमोडी रांगेत चालतो: एक डावीकडे, त्याच्या मागचा उजवीकडे, दोघांत सेकंदाचं अंतर. ब्रेक मारायला जागा मिळते म्हणून ही रचना उत्तमच, पण तिच्यामुळे प्रत्येक गाडी लेसरला सुटी सुटी दिसते. आणि गन रस्त्याच्या कडेला तिरकी धरली तर आकडा खऱ्या वेगापेक्षा थोडा कमीच येतो. म्हणजे तिरकेपणाची सूट रायडरलाच.

उपाय लीडच्या मनगटात आहे. नाका ओलांडल्यावर त्याने थोडा वेळ पन्नासच ठेवले, तर शेवटचा सत्तरने येऊनही अर्ध्या मिनिटात ग्रुपला मिळतो. नवख्यांना लीडच्या मागेच ठेवा, अनुभवी माणूस शेवटी, आणि बारा जण असाल तर सरळ सहा-सहाचे दोन ग्रुप करा.