डोळ्याच्या पांढऱ्यावरची गाठ

कंपाला, युगांडा. 1990 च्या सुमारास तिथल्या नेत्रतज्ज्ञांकडे एक विचित्र तक्रार वाढू लागली: बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर उगवलेली खरबरीत गाठ. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाचा, म्हणजे कंजंक्टायव्हाचा हा कर्करोग थंड देशांत उतारवयातल्या पुरुषांचा मानला जाई. इथे रुग्ण तिशी-चाळिशीतले, आणि त्यांत स्त्रियाही भरपूर. रक्त तपासल्यावर बहुतेकांत एचआयव्ही निघाला. 1970 ते 1988 या काळात दर दहा लाखांमागे वर्षाला सुमारे 6 रुग्ण होते; 1992 मध्ये 35.

विषाणू एकटा गुन्हेगार नाही. विषुववृत्तावरच्या प्रखर उन्हातले अतिनील किरण पेशींचा डीएनए बिघडवतात. बिघडलेल्या पेशी टिपून काढणारी पहारेकरी यंत्रणा एचआयव्हीने दुबळी केलेली असते. पापण्यांच्या फटीत सतत उघडा राहणारा भागच म्हणून जास्त बळी पडतो. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या सहभागावर मात्र अजून वाद आहे.

खरी गफलत ओळखण्यात होते. सुरुवातीला गाठ थेट वडसासारखी, म्हणजे बुबुळाकडे वाढणाऱ्या निरुपद्रवी मांसासारखी दिसते. निदान सूक्ष्मदर्शकाखालीच पक्के होते. उशीर झाला तर डोळाच काढावा लागतो. गाठ कापली तरी ती अनेकदा परतते. केनियातल्या एका चाचणीत (2016) शस्त्रक्रियेनंतर 5-फ्लुरोयुरॅसिलचे थेंब महिनाभर घातले, तेव्हा वर्षभरात गाठ परतण्याचे प्रमाण 36 वरून 11 टक्क्यांवर आले. औषध जुने, स्वस्तही!

तरुण रुग्णाच्या डोळ्यात अशी गाठ दिसली तर एचआयव्ही तपासणी सुचवतात, आपल्याकडेही. कित्येकांना संसर्गाचा पत्ता डोळ्यानेच दिला आहे.