सात फुटी माणूस स्पोर्ट्स कारमध्ये बसतो कसा? सीट बदलण्यामागचं गणित समजून घ्या

परभणी जिल्ह्यातलं चुडावा. इथून नांदेडला शेअर गाडीने जायचं असेल तर उंच माणसाची एकच धडपड असते, ड्रायव्हरच्या शेजारची सीट मिळवायची. मागे बसावं लागलं तर गुडघे छातीशी येतात आणि प्रत्येक खड्ड्याला डोकं टपावर आपटतं.

ही तर भरपूर उंची असलेली गाडी झाली. आता विचार करा, गाडी स्पोर्ट्स कार आहे, तिचं छप्पर जेमतेम कमरेला लागतंय आणि चालवणारा सव्वासहा किंवा सात फुटांचा आहे. तो आत बसणार कसा?

उत्तर सोपं वाटतं. सीट खाली घ्या, मागे सरकवा, झालं. जगभरात लोक हे करतातही. पण सीट म्हणजे नुसती बसायची जागा नाही. अपघातात जीव वाचवणारी जी यंत्रणा असते, तिचा ती एक भाग आहे. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

सगळ्यात आधी, गाडी कुणाच्या मापाची असते?

क्रॅश टेस्टमध्ये जो पुरुषाचा डमी सर्रास वापरतात, त्याची उंची साधारण १७५ सेंटीमीटर म्हणजे पावणेसहा फुटांच्या आत असते. मोठ्या शरीराच्या पुरुषासाठी वेगळा डमी असतो, तो साधारण १८८ सेंटीमीटरचा, म्हणजे सहा फूट दोन इंच. शंभरातले सुमारे ९५ अमेरिकन पुरुष या मापात बसतात. उरलेल्या पाच जणांनी आपलं आपण बघायचं.

आपल्याकडेही असे लोक आहेत. पुण्याचे शरद आणि संज्योत कुलकर्णी यांची भारतातलं सगळ्यात उंच जोडपं म्हणून लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंद झाली. शरद कुलकर्णी यांची उंची सात फूट दीड इंच. इतक्या उंचीच्या माणसासाठी शोरूममधली कोणतीच गाडी बनलेली नसते.

गाडीच्या टपाला टेंगूळ आलं तेव्हा

या विषयातला सगळ्यात गाजलेला किस्सा १९६७ चा आहे. फ्रान्समधली २४ तासांची ल मान्स शर्यत. फोर्डची जीटी४० ही गाडी तिच्या ठेंगण्या उंचीसाठी प्रसिद्ध होती. नावातला ४० हा आकडाच मुळी उंचीचा, ४० इंच. म्हणजे साधारण टेबलापेक्षा थोडी उंच.

आणि ड्रायव्हर होता डॅन गर्नी, सव्वासहा फुटांच्या आसपासचा अमेरिकन. हेल्मेट घातलं की डोकं छताला टेकायचं. सीट याहून खाली जाणं शक्य नव्हतं. मग टीमने ड्रायव्हरच्या डोक्यावर छतालाच एक फुगवटा काढला. 'गर्नी बबल' या नावाने तो आजही ओळखला जातो. ती टेंगूळ आलेली गाडी घेऊन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी शर्यत जिंकली. विजयाच्या मंचावर शॅम्पेन उडवायची जी पद्धत आज दिसते, तीही गर्नीने त्याच दिवशी रूढ केली असं मानलं जातं.

छताला फुगवटे काढायची युक्ती नवी नव्हती. इटलीच्या झागातो कंपनीने १९५० च्या दशकातच छताला दोन फुगवटे दिलेल्या ठेंगण्या गाड्या बनवल्या होत्या, एक फुगवटा चालकाच्या डोक्यासाठी आणि दुसरा शेजाऱ्याच्या.

पण सगळ्यांचं नशीब गर्नीसारखं नसतं. ब्रिटिश ड्रायव्हर जस्टिन विल्सन सहा फूट तीन इंचांच्या पुढचा. २००२ मध्ये फॉर्म्युला वनच्या मिनार्डी टीममध्ये काही शर्यतींसाठी जागा रिकामी झाली. विल्सन त्या गाडीत मावलाच नाही आणि संधी अँथनी डेव्हिडसनला मिळाली. पुढच्या वर्षी विल्सनला मिनार्डीत जागा मिळाली, पण मलेशियाच्या शर्यतीत मान सांभाळणाऱ्या हॅन्स या उपकरणाने त्याचे खांदे इतके आवळले की हातांतली संवेदनाच गेली. शर्यत अर्धवट सोडावी लागली. म्हणजे आत मावणं वेगळं आणि सुरक्षित बसणं वेगळं.

मुंबईच्या पोरांना हे गणित पाठ असतं

हेच गणित महाराष्ट्रातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी दरवर्षी सोडवतात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी ते छोट्या रेसिंग कार बनवतात. मुंबईतल्या सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग इंडिया आणि आयआयटी बॉम्बे रेसिंग या त्यातल्या माहितीतल्या टीम.

या स्पर्धांचा एक मजेशीर नियम आहे. चालवणारं पोरगं साडेपाच फुटांचं असलं तरी गाडीत 'पर्सी' बसलाच पाहिजे. पर्सी म्हणजे उंच पुरुषाच्या मापाचा द्विमितीय सांगाडा. कमरेसाठी २०० मिलिमीटरचं वर्तुळ, खांद्यांसाठी २०० चं आणि हेल्मेटसकट डोक्यासाठी ३०० चं. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या लोखंडी कमानींच्या माथ्यांवरून एक सरळ रेषा धरायची आणि पर्सीचं डोकं त्या रेषेच्या किमान ५० मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे. कारण गाडी उलटली तर जमिनीवर कमान आपटावी, डोकं नाही. उंच ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या दोन इंचांची किंमत इतकी असते.

मग सीटमध्ये नेमकं काय बदलतात?

आधी एक गोष्ट ओळखायची. उंची पायात आहे की धडात? सारख्याच उंचीच्या दोन माणसांची अडचण वेगळी असू शकते. लांब पायांचे गुडघे स्टेअरिंगला लागतात, लांब धडाचं डोकं छताला. त्यावर उपाय असे:

फोम कमी करणं. सीटचं कव्हर उसवून बैठकीचा फोम तासतात. माझदाच्या एमएक्स-५ या छोट्या टू-सीटर गाडीच्या उंच मालकांचा हा आवडता उपाय. खर्च कमी आणि इंचभर तरी जागा मिळते. पण जास्त तासला तर खालची फ्रेम टोचते आणि लांबच्या प्रवासात कंबर धरते.

सीट खाली घेणं. सीट आणि फ्लोअर यांच्यामधला ब्रॅकेट बदलून ठेंगणा बसवतात. इलेक्ट्रिक सीटखाली मोटर असते, तिथे फारसा वाव नसतो. काही जण ती काढून पातळ, एकसंध बकेट सीट बसवतात.

रेल लांबवणं. सीट आणखी मागे जावी म्हणून रेलची जागा मागे घेतात. टू-सीटर गाडीत मागे लगेच भिंत किंवा इंजिन असतं, त्यामुळे हा मार्ग लवकर संपतो.

स्टेअरिंग जवळ आणणं. सीट मागे गेली की हात पुरत नाहीत. मग स्टेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये स्पेसर घालतात. एअरबॅग असलेल्या स्टेअरिंगला मात्र हात लावायचा नाही.

गंमत अशी की एक अडचण सोडवली की दुसरी उभी राहते. सीट खाली घेतली की डोकं सुटतं, पण गुडघे वर येऊन स्टेअरिंगला लागतात. पाठ जास्त कलती केली तरी डोक्याला जागा होते, पण अपघातात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटात रुततो. म्हणून थोडं खाली, थोडं मागे आणि स्टेअरिंग थोडं वर, असा मेळ घालावा लागतो.

धोका नेमका कुठे आहे?

अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. सीट बेल्टचं बक्कल सीटला जोडलेलं असतं आणि धडक बसताच पट्टा आवळणारी यंत्रणाही बऱ्याचदा तिथेच असते. कव्हर घट्ट शिवलं तर एअरबॅग उघडायला अडचण येऊ शकते. सीटच बदलली तर ती एअरबॅग गेली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला.

दुसरी गोष्ट बोल्टची. जोराच्या धडकेत सीटवर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआय संस्थेत सीट आणि बेल्टची पकड किती ओढ सहन करते याच्या चाचण्या होतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये वेल्ड केलेल्या ब्रॅकेटची अशी कुठलीच चाचणी झालेली नसते.

तिसरी हेडरेस्टची. तिचा माथा साधारण डोक्याच्या माथ्याइतका हवा. उंच माणसाला ती मानेपर्यंतच पुरली तर मागून धडक बसल्यावर मान मागे फेकली जाते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, गाडीचा मूळ तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी गाडीत बदल करून घ्यायची वाट कायद्यात आहे. फक्त उंची जास्त म्हणून वेगळी सवलत नाही.

त्यामुळे गाडी एमएच २२ पासिंगची असो की एमएच १२, सीट किंवा तिची पकड बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारलेलं बरं. न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडकू शकतो.

उंच माणसाने गाडी घेताना काय बघावं?

बदल करावाच लागू नये अशी गाडी निवडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. शोरूममध्ये दहा मिनिटं काढा आणि एवढं तपासा:

– सनरूफ नसलेलं मॉडेल बघा. सनरूफची चौकट डोक्यावरचा इंचभर तरी खाते.
– सीट सगळ्यात खाली घ्या. डोकं आणि छत यांच्यामध्ये आडवी मूठ मावली पाहिजे.
– क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा.
– पाठ टेकलेली ठेवून हात पुढे करा. मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे.
– स्टेअरिंग वर-खाली होतंच, ते पुढे-मागेही होतं का ते विचारा.
– छाती आणि स्टेअरिंग यांच्यामध्ये किमान २५ सेंटीमीटर अंतर राहू द्या.
– टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर नको. स्पीडब्रेकरवरून न्या. डोकं आपटलं तर ती गाडी तुमची नाही.

गर्नीसाठी फोर्डने छप्पर बदललं, कारण त्याच्या मागे अख्खी फॅक्टरी उभी होती. आपल्यामागे गल्लीतलं गॅरेज असतं. म्हणून गाडीला कापाकापी करण्याआधी आपल्या मापाची गाडी शोधणं केव्हाही शहाणपणाचं.