आपत्तिपूर्व वैज्ञानिक सल्ला
आपत्तिपूर्व वैज्ञानिक सल्ला : ज्वालामुखीचे उद्रेक, चक्री वादळे, भूकंप, महापूर इ. नैसर्गिक आपत्तींच्या संभाव्यतेविषयी तज्ञांनी शासनास दिलेला अभिप्राय. वस्ती हलविणे, वाहतूक थांबविणे, मदतयंत्रणा सज्ज ठेवणे यांसारखे निर्णय या अभिप्रायावर अवलंबून असतात. तथापि निर्णयाचा अधिकार व त्याचे उत्तरदायित्व सामान्यतः शासनाकडे असते. वैज्ञानिक आपले अनुमान संभाव्यतेच्या भाषेत मांडतो, तर प्रशासकाला आज्ञा द्यावयाची किंवा न द्यावयाची एवढेच दोन पर्याय असतात. या दोन भूमिकांमधील अंतर हा या विषयाचा गाभा होय.

निर्णयातील चूक दोन प्रकारची असू शकते. आपत्ती न येता लोक हलविले गेल्यास शेती, व्यापार व शिक्षण यांची हानी होते आणि पुढील इशाऱ्यांवरील विश्वास उणावतो. उलट इशारा असूनही लोक हलविले न गेल्यास मनुष्यहानी होते. पहिल्या चुकीचा खर्च निश्चित व तत्काळ दिसणारा असतो. दुसरीचा अनिश्चित, पण भरून न येणारा असतो. किती धोका पत्करणे योग्य, हा प्रश्न केवळ विज्ञानाने सुटणारा नाही. ज्वालामुखींच्या संदर्भातील पुढील तीन घटनांवरून हे स्पष्ट होते.

ग्वादलूप (१९७६) : कॅरिबियन समुद्रातील या फ्रेंच बेटावरील ला सूफ्रिएर ज्वालामुखी ८ जुलै १९७६ रोजी जागृत झाला. स्फोट केवळ तापलेल्या भूजलाच्या वाफेमुळे होत आहेत, की नवा शिलारस वर येत आहे, यावर तज्ञांत तीव्र मतभेद झाले. हारून ताझिएफ यांच्या मते वस्तीला गंभीर धोका नव्हता. क्लोद आलेग्र व त्यांचे सहकारी मोठ्या उद्रेकाची शक्यता नाकारण्यास तयार नव्हते. शेजारच्या मार्तीनीक बेटावर १९०२ मध्ये माँ पले ज्वालामुखीच्या उद्रेकात सेंट पिअर शहर नष्ट होऊन सु. २८,००० लोक मरण पावले होते, याची स्मृती प्रशासनापुढे होती. १५ ऑगस्ट रोजी स्थलांतराची आज्ञा निघाली व सु. ७३,००० लोकांना घरे सोडावी लागली. मोठा उद्रेक झाला नाही. नोव्हेंबरमध्ये फ्रँक प्रेस यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने धोका कमी असल्याचा निर्वाळा दिल्यानंतर लोक परतू लागले. तज्ञांमधील वाद वृत्तपत्रांतून जाहीरपणे झाल्यामुळे विज्ञानाची प्रतिष्ठा व शासनाची विश्वासार्हता या दोहोंना धक्का बसला.

नेव्हाडो देल रूईस (१९८५) : कोलंबियातील या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या (उंची सु. ५,३०० मी.) हालचाली १९८४ च्या अखेरीपासून वाढल्या होत्या. ११ सप्टेंबर १९८५ च्या स्फोटाने नदीखोऱ्यात पंकप्रवाह (लाहार) उतरला. ७ ऑक्टोबर रोजी भूवैज्ञानिकांनी धोकाक्षेत्रांचा नकाशा सादर केला. आर्मेरो हे नगर पंकप्रवाहाच्या वाटेत असल्याचे त्यात दर्शविले होते. याच ठिकाणी १८४५ मध्येही पंकप्रवाहाने मोठी प्राणहानी झाली होती. परंतु नकाशाचा प्रसार पुरेसा झाला नाही, त्यावर भीती पसरविल्याचा आरोप झाला आणि खर्चाच्या व निष्फळ ठरण्याच्या भीतीने स्थलांतर लांबणीवर पडले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोगोटा येथील न्यायमंदिरावर झालेल्या सशस्त्र हल्ल्यामुळे केंद्र शासनाचे लक्षही अन्यत्र वेधले गेले.

१३ नोव्हेंबर रोजी दुपारपासून राख पडू लागली, तरी नागरिकांना शांत राहण्यास सांगण्यात आले. रात्री ९ च्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. वितळलेल्या हिमाचे पाणी, राख, चिखल व दगडगोटे यांचा लोंढा लागुनिया नदीच्या खोऱ्यातून सु. अडीच तासांनी आर्मेरोवर आदळला. एकूण सु. २३,००० लोक मरण पावले. त्यांतील बहुसंख्य आर्मेरोचे रहिवासी होते. नगरालगतची उंच जमीन पायी गाठता येण्याजोगी होती. म्हणजे येथे ज्ञान उपलब्ध होते आणि उद्रेकानंतरही काही अवधी होता. उणीव होती ती ज्ञानाचे आज्ञेत रूपांतर करणाऱ्या व्यवस्थेची.

पिनाटूबो (१९९१) : फिलिपीन्सच्या लूझॉन बेटावरील हा ज्वालामुखी सु. ५०० वर्षे निद्रिस्त होता. १९९१ मध्ये तो जागृत होताच रेमुंदो पुनाँगबायान यांच्या नेतृत्वाखालील फिलिपीन संस्थेने अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तज्ञांसह निरीक्षण सुरू केले. मे महिन्यात पाच पायऱ्यांची इशारापद्धती अंमलात आणली गेली. प्रत्येक पायरीचा अर्थ आधीच ठरविलेला असल्यामुळे ऐनवेळी वाद टळले. पंकप्रवाह व तप्त राखेचे लोट म्हणजे काय, हे अधिकाऱ्यांना व लोकांना चित्रफितीद्वारे दाखविण्यात आले. टप्प्याटप्प्याने हजारो लोक हलविले गेले व १० जून रोजी क्लार्क हा अमेरिकन विमानतळ रिकामा करण्यात आला. १५ जूनचा महाउद्रेक विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी होता. त्याच वेळी आलेल्या चक्री वादळाच्या पावसाने राख भिजून जड झाली व छपरे कोसळून शेकडो लोक दगावले. तथापि निदान ५,००० प्राण वाचले असा अंदाज आहे.

कायदेशीर उत्तरदायित्व : इटलीतील लाक्वीला येथे ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात ३०० हून अधिक लोक मरण पावले. आदल्या आठवड्यात लोकांना अनाठायी दिलासा मिळाला, या आरोपावरून २०१२ मध्ये सहा वैज्ञानिक व एक अधिकारी यांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने वैज्ञानिकांना निर्दोष ठरविले व अधिकाऱ्याची शिक्षा कमी केली. भूकंपाचे अचूक भाकीत करता येत नाही हे मान्य असले, तरी ‘धोका सांगता येत नाही’ आणि ‘धोका नाही’ या दोन विधानांतील भेद लोकांपर्यंत पोहोचविणे किती आवश्यक आहे, हे या खटल्यातून दिसून आले.

भारतातील स्थिती : भारतात वादळाचा इशारा भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो, तर लोकांना हलविण्याची कार्यवाही राज्य शासन व जिल्हा प्रशासन करते. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाच्या महाचक्री वादळात इशारे मिळूनही सु. १०,००० लोक मरण पावले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण व निवारागृहे उभारली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणांची तरतूद केली. ऑक्टोबर २०१३ मधील फायलिन चक्री वादळापूर्वी सु. १० लाख लोक हलविले गेले व मृतांची संख्या १०० च्या आत राहिली. पूर्वानुमानातील सुधारणेइतकाच, कोणत्या इशाऱ्यावर कोणी काय करावयाचे हे आधी ठरविण्याचाही या फरकात वाटा आहे.